सामूहिक वनहक्क मिळाला; आता तेंदू आणि बांबू ग्रामसभेनेच विकायचा तर सुरुवात कुठून करायची?

कोरचीकडचा

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावाला सामूहिक वनहक्काचं प्रमाणपत्र मिळालंय. क्षेत्र ८४० हेक्टर, त्यातल्या साधारण ४०० हेक्टरवर बांबू, आणि तेंदू (विडीचं पान) जवळपास सगळीकडेच. आजवर वनखातं घटकाचा (तेंदूसाठी ठरवलेल्या जंगलपट्ट्याचा) लिलाव करायचं, गावाला मजुरी मिळायची आणि बोनस मागाहून कधीतरी. आता ग्रामसभेचं म्हणणं, आपणच विकू.

प्रश्न तीन आहेत. एक, तेंदू या हंगामात खात्यामार्फत विकावा की स्वतः? एक कंत्राटदार आत्ताच गावात बसून आहे. म्हणतो, "लिलावाच्या भानगडीत पडू नका, दोन लाख आगाऊ घ्या आणि ठरावावर सही द्या." दोन, बांबू वर्षाला किती तोडता येईल हे कोण आणि कसं ठरवणार? तीन, मालाची गाडी बाहेर काढायला वाहतूक परवाना कोणाचा लागतो? बीटवरचे वनरक्षक म्हणतात खात्याचाच लागेल.

गाव लहान आहे. वही लिहू शकणारी पोरं-पोरी सात-आठ. सोपं करून सांगा.

---

फडमोजणी

भाऊ, आधी त्या दोन लाखांचं बोलू. घेऊ नका. खूटकटाईच्या (चांगलं पान यावं म्हणून तेंदूची झुडपं छाटण्याच्या) आधी गावाकडे पैसा नसतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो आत्ता आलाय. ८४० हेक्टरातून समजा ३०० प्रमाण गोण्या निघाल्या आणि स्पर्धा नसल्यामुळे गोणीमागे फक्त हजार रुपये कमी मिळाले, तरी तीन लाख गेले. म्हणजे दोन लाखांच्या चार महिन्यांच्या उधारीवर तुम्ही तीन लाख व्याज भरलंत. खूटकटाईला पैसे लागतातच, पण ते करारनाम्याच्या अनामतीतून घ्यायचे, एका माणसाच्या खिशातून नाही.

खात्यामार्फत की स्वतः, याचं उत्तर तुमच्या सात-आठ पोरांवर आहे. खात्याकडे दिलं तर जोखीम कमी, कटकट कमी, पण अटी त्यांच्या आणि रॉयल्टी (मजुरीवेगळी मालाची किंमत) उशिरा. स्वतः विकलं तर भाव तुमचा आणि बुडाला तर तोही तुमचाच. २०१७ साली या पट्ट्यात भाव आभाळाला टेकले, लगेच २०१८ ला आपटले. चढ्या बोलीवर करार झालेल्या बऱ्याच ठिकाणी पैसा वसूल करताना दमछाक झाली. म्हणून सगळ्यात मोठी बोली शोधण्यापेक्षा पैसा हातात पडेपर्यंत माल आपल्या ताब्यात कसा राहील, याची बांधणी आधी करा. बाकी सगळं त्यानंतर.

एक गोष्ट सीमेवरच्या गावांनी ध्यानात ठेवावी. आपल्याकडे पुडा ७० पानांचा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. छत्तीसगडात गोणी १,००० पुड्यांचीच, पण पुडा ५० पानांचा. तिकडे २०२४ पासून संग्रहणाचा दर गोणीला ५,५०० रुपये आहे. आपल्या ७० पानी हिशेबात तो ७,७०० होतो. कंत्राटदार "पलीकडे साडेपाच हजारच देतात" असं सांगून तुमची मजुरी पाडतो तेव्हा हा गुणाकार त्याच्यापुढे ठेवा. शिवाय तिकडचा दर ही नुसती मजुरी आहे, नफ्यातला बोनस वेगळा. तुमच्या बोलीत मजुरी आणि रॉयल्टी दोन्ही धरलेली असतात.

वेळापत्रक उलटं मोजा. पान तोडायला मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात होते, काही भागात थोडी आधी. खूटकटाईनंतर पान तयार व्हायला दीड महिना तरी लागतो, त्यामुळे खूटकटाई फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकली पाहिजे. म्हणजे करार जानेवारीअखेर. म्हणजे निविदा डिसेंबरात. आणि "आमचं क्षेत्र खात्याच्या घटकातून वगळा, आम्ही स्वतः विक्री करणार" हा ठराव उपवनसंरक्षकांकडे त्याच्याही आधी, पोचपावतीसह. हा ठराव वेळेत गेला नाही तर तुमचं जंगल खात्याच्या लिलावात दुसऱ्याच्या नावावर लागलेलं असतं आणि मग मेमध्ये एकाच फडावर (पुडे मोजून घ्यायच्या जागेवर) दोन कंत्राटदार उभे राहतात.

एकट्या गावाची ३०० गोण्यांची निविदा बघायला गोंदियाचा किंवा तेलंगणातला व्यापारी येत नाही. त्याला ट्रकभाडं, मुन्शी (फडावरचा हिशेबनीस), बारदाना सगळं परवडायला मोठा माल लागतो. आसपासच्या दहा-वीस ग्रामसभा एकत्र येऊन एकच जाहिरात द्या, पण करार प्रत्येक ग्रामसभेचा वेगळा ठेवा. स्थानिक व्यापारी आपसात गावं वाटून घेतात, एका गावात एकच जण बोली लावतो. हे संगनमत मोडायचा खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरचे दोन तरी खरेदीदार टेबलावर आणणं आणि किमान भाव आधी ठरवून बंद पाकिटात ठेवणं. त्याखाली कुणीच आलं नाही तर फेरनिविदा, आणि फेरनिविदेलाही नाही आलं तर काय करायचं हेसुद्धा त्याच ठरावात लिहा. ऐनवेळी ग्रामसभा भरवून घाईत दिलेला होकार महागात पडतो.

बोली कशावर घ्यायची? ठोक रकमेवर देऊ नका. ठोक दिलं की कंत्राटदार शेवटचं पान ओरबाडतो, कोवळं, किडकं, सगळं. प्रत्यक्ष गोणीवर दिलं की उलटं दुखणं होतं: बाजार पडला तर तो चौथ्या दिवशी "पान खराब आहे" म्हणत फड बंद करतो आणि मजूर घरी. म्हणून दर प्रत्यक्ष गोणीवर आणि सोबत किमान उचल बांधलेली. जाहीर केलेल्या गोण्यांच्या ८० टक्के त्याने उचलल्या नाहीत तरी तेवढ्या गोण्यांची रॉयल्टी द्यायची, असं कलम घाला.

पैशाचे टप्पे साधारण असे असावेत: निविदेसोबत बयाणा, करारावर सही होताना एकूण अंदाजित रकमेच्या २५ टक्के अनामत (यातून खूटकटाई), मजुरी दर आठवड्याला ग्रामसभेच्या खात्यात, आणि उरलेली रॉयल्टी गाडी भरण्याआधी. जेवढ्या गोण्यांचे पैसे जमा, तेवढ्याच गोण्यांचा परवाना. धनादेश घेतला तर तो वटल्यावर. यात दयामाया नको. एकदा गाडी जिल्ह्याबाहेर, देवरीच्या पुढे गेली की तुमच्या हातात कोर्टाशिवाय काही उरत नाही.

आता फड. इथे जे गळतं ते निविदेत कमावलेलं खाऊन टाकतं. कंत्राटदाराचा मुन्शी शेकड्यामागे चार-पाच पुडे "वरचे" घेतो, नासाडीच्या नावाखाली. ३०० गोण्या म्हणजे तीन लाख पुडे. त्यावर शेकडा पाच म्हणजे १५,००० पुडे, पंधरा गोण्या, ज्यांची मजुरी नाही आणि रॉयल्टीही नाही. करारात लिहा की वरचा पुडा बंद. त्याबदल्यात ग्रामसभेचा माणूस दर शंभरातला एक पुडा उचलून पानं मोजेल. ७० च्या खाली निघाला किंवा आत फाटकं, फोड आलेलं पान दडवलेलं निघालं, तर त्या कुटुंबाला समज द्यायची, तरी पुन्हा तेच झालं तर तो शेकडा बाद. खोटा पुडा लोकही बांधतात, हे मान्य करूनच चाला. मुन्शीच्या वहीशेजारी ग्रामसभेची वही, रोज संध्याकाळी दोघांची दोन्ही वह्यांवर सही. सही झाली की माल खरेदीदाराचा. रात्री वळीव आला, गारा पडल्या, पान काळं पडलं, वाळवण चुकली, सगळं त्याच्या अंगावर. हे वाक्य करारात नसेल तर पहिल्याच पावसाला तो आधीच्या आठवड्याची मोजणीसुद्धा नाकारतो.

---

रानवाट

विकायचं कसं यावर लिहिलंय, पण विकायचंच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरांचा हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदू तोडणं बंद करायचं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. कारण सरळ आहे. चांगलं पान यावं म्हणून झाड छाटायचं, खूट तोडायचा, शिवाय झाडाखालचा पालापाचोळा पेटवायचा. त्या आगीत बांबूचे कोंब, मोहाची, चारोळीची रोपटी, सगळं जातं. टेंभराचं (तेंदूचं) फळ तर येतच नाही, कारण झाड वाढूच देत नाहीत.

विडीचा बाजारही काही वाढता नाही. दहा-पंधरा दिवसांच्या रोख पैशासाठी उरलेल्या साडेअकरा महिन्यांचं जंगल जाळायचं का, हे ग्रामसभेने एकदा बसून ठरवावं. बंद करा असं म्हणत नाही. निदान १०० हेक्टर तेंदूमुक्त ठेवा आणि पाच वर्षांनी दोन्हीकडची रोपटी मोजा.

---

फडमोजणी

रानवाट यांचा आगीचा मुद्दा खरा आहे, त्यात वाद नाही. पण आग ही तेंदूची गरज नाही, ती खूटकटाईचे पैसे वाचवायची पळवाट आहे. कोयत्याने जमिनीसरशी खूट कापला तर पान आगीशिवायच चांगलं येतं. म्हणून तर खूटकटाईचा खर्च अनामतीतून आधी काढायला सांगितला. आग दिसली तर अनामत जप्त, असं कलम घाला. गावातल्याने लावली तर त्या कुटुंबाचा बोनस कापा. दोन्ही बाजूंना दंड असला की आग कमी होते. पाचगावचा निर्णय मात्र बांबूचं उत्पन्न आधी उभं राहिलेल्या गावालाच झेपतो. कोरचीकडच्या भावाच्या गावात मेमधली मजुरी म्हणजे पेरणीचं बियाणं आहे.

---

कक्ष ४१२

बांबूचं मी सांगतो. दुसऱ्या प्रश्नात "किती तोडता येईल" विचारलंय, पण बांबू किती तोडला यापेक्षा कुठला तोडला यावर टिकतो.

तुमच्याकडचा बहुतेक मानवेल जातीचा असणार. रांजीत (बांबूच्या बेटात) दर पावसाळ्यात नवे कोंब बाहेरच्या कडेला येतात आणि जुने बांबू मध्यात राहतात. तोडणाऱ्याला कडेचे सोपे पडतात, म्हणून तो कडेचेच तोडतो. चार-पाच वर्षांत मध्यभाग गुंतून जाम होतो, नव्या कोंबांना आधार उरत नाही, ते वाकडे निघतात आणि रांजी बसते. बिघडलेल्या बांबूवनाचा हा पहिला पुरावा: मध्यभागी सुकलेला गुंता, कडेला बोटाएवढे बारीक बांबू.

नियम थोडे आहेत, पण तंतोतंत पाळायचे. एक वर्षाचा आणि दोन वर्षांचा बांबू तोडायचा नाही. ओळखायचा कसा? पहिल्या वर्षाच्या बांबूवर पांढरट भुकटी असते आणि पेरांवर कोषपानं चिकटलेली असतात. दुसऱ्या वर्षी ती गळतात, रंग गडद हिरवा होतो. तिसऱ्या वर्षापुढे पिवळट छटा आणि डाग येतात, कोयत्याच्या पाठीने ठोकलं की आवाज खणखणीत. तोड जमिनीपासून १५ ते ३० सेंटीमीटरवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर. गाठीच्या वर पेला उरला तर त्यात पाणी साचून बूड कुजतं. उंच तोडला तर सगळ्यात जाड आणि वजनदार भाग जंगलात राहतो आणि पुढच्या खेपेला मध्यात शिरायला वाट उरत नाही. रांजीत घोड्याच्या नालेसारखी एका बाजूने वाट काढायची, मधले जुने ओढायचे, कडेचे ठेवायचे. प्रत्येक रांजीत किमान आठ ते दहा बांबू उभे राहिले पाहिजेत. आठपेक्षा कमी असलेल्या रांजीला हातच लावायचा नाही, फक्त मेलेले काढायचे. कंद खणायचा नाही. जुलै ते सप्टेंबर तोड पूर्ण बंद. वास्ते (कोवळे कोंब) खाण्यासाठी काढायचे तर ठरावीक रांजीतूनच आणि हंगामाच्या शेवटी येणारे. तसेही ते बहुतेक तगत नाहीत.

आता आकडा. ४०० हेक्टरचे चार भाग करा, दरवर्षी एकच भाग तोडा, चार वर्षांनी परत त्याच भागात. दर भागात २० गुणिले ५० मीटरचे नमुना तुकडे घ्या, म्हणजे प्रत्येकी ०.१ हेक्टर. दोरी, चुना आणि वही पुरते. एका भागात पंधरा-वीस तुकडे, चांगल्या-वाईट सगळ्या जागी, रस्त्याकडेचेच नकोत. प्रत्येक तुकड्यात रांजी किती, आणि प्रत्येक रांजीत एक वर्षाचे, दोन वर्षांचे, जुने, मेलेले किती. समजा सरासरी हेक्टरी ६० रांजी निघाल्या आणि नियम पाळून रांजीमागे ५ बांबू तोडता येतात. १०० हेक्टरात ३०,००० बांबू. एका बांबूतून कामाची लांबी ५ मीटर धरली तर दीड लाख मीटर. वनखात्याच्या हिशेबात २,४०० मीटर म्हणजे एक नोशनल (हिशेबापुरता मानलेला) टन, म्हणजे साधारण ६२ टन. हा आकडा आराखड्यात वरची मर्यादा म्हणून लिहा. लक्ष्य म्हणून लिहिलात की तो पुरा करायला लोक दोन वर्षांचे बांबू तोडतात.

एक वर्षाच्या बांबूंचा आकडा वेगळा जपा. रांजीमागे नवे कोंब सरासरी दोनच येत असतील तर चार वर्षांत आठ येतात, त्यातले काही मोडतात, काही जनावरं खातात. मग पाच तोडणं बरोबर. सरासरी एकावर आली तर तोड अर्ध्यावर आणा आणि चराई का थांबत नाही ते बघा. आराखड्याचा गाभा एवढाच. खातं मागतं तो आराखडा म्हणजे कार्य आयोजनेची (खात्याच्या स्वतःच्या जंगल-आराखड्याची) शंभर पानी नक्कल नव्हे. कक्षवार (खात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांनुसार) नकाशा, ही मोजणी, चार भागांचं चक्र, चराई आणि आगीचे नियम, आणि ग्रामसभेचा ठराव. वीस पानांत बसतं. कार्य आयोजनेत त्याच कक्षात खात्याची बांबूतोड लावलेली आहे का ते मात्र वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन पाहा, नाहीतर एकाच रांजीवर दोनदा कोयता चालतो.

विक्रीचं थोडक्यात. कागद गिरणीला तुकड्यांची मोळी जाते, सहसा २ मीटरचे २० तुकडे. लांब, सरळ बांबू बुरुडांना, मांडवाला, टोमॅटोच्या आधाराला जातो आणि त्याला नगावर भाव मिळतो, गिरणीपेक्षा बराच वरचा. म्हणून आधी लांब माल निवडून वेगळा करायचा, उरलेल्याच्या मोळ्या. भाव वजनावर असेल तर वजन तुमच्या डेपोवर, तोडीनंतर ठरावीक दिवसांत. गिरणीच्या काट्यावर ठरलं तर ओला बांबू महिनाभर डेपोवर थांबवला जातो, वजन उतरतं आणि तो तोटा तुमचा. गिरण्यांना स्वस्त माल द्यायची खोड जुनी आहे. १९५८ साली कर्नाटकात दांडेलीच्या कागद कारखान्याला टनाला दीड रुपया दराने बांबू दिला होता, तेव्हा बुरूड बाजारात त्याच्या कितीतरी पट मोजत होते.

आणि फुलोरा. मानवेल काही दशकांनी एकदम फुलतो आणि बी पडलं की अख्खी रांजी मरते. पुढची आठ-दहा वर्षं तोडण्याजोगा बांबू मिळत नाही. फुलोऱ्याची कुणकुण लागताच लोक घाईने सगळं तोडतात, बी पडायच्या आधीच. तिथेच वन संपतं. बी पडू द्या, मग मेलेला माल काढा, आणि त्या भागात पाच वर्षं चराई आणि आग कडक बंद. बांबूच्या उत्पन्नातला काही हिस्सा या दिवसासाठी मुदत ठेवीत ठेवणारी ग्रामसभाच त्यातून निभावते.

---

कोरचीकडचा

फार उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. कंत्राटदाराला आज नकार कळवला. तेंदूला मे महिन्यात अजून एक अडचण दिसते: शेजारच्या गावाचे लोक पिढ्यान् पिढ्या आमच्या हद्दीत पान तोडतात. त्यांना रोखायचं का? आणि परवान्याचं कुणीच स्पष्ट सांगितलं नाही.

---

खतावणी

परवान्याचं सांगतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम २ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, वेत, टसर, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती, कंदमुळं सगळं नावानिशी आहे आणि कलम ३(१) ने त्याची मालकी दिली आहे. तरी खातं अनेक वर्षं बांबूला लाकूडच म्हणत राहिलं. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला हक्क २००९ मध्ये मिळाला, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा. त्यानंतर २०१२ च्या नियम दुरुस्तीने ते कायमचं केलं: परवाना नियम ४(१)(ई) च्या समितीने (जंगल राखण्यासाठी ग्रामसभेने नेमलेल्या) किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने द्यायचा, आणि त्यावर खात्याला द्यायची रॉयल्टी किंवा शुल्क नाही. वनरक्षकांना हा नियम छापून द्या. वाद घालू नका, कागद द्या.

मुद्दा एवढाच की सागवान आणि इतर इमारती लाकूड यात येत नाही. बांबूच्या गाडीत सागाचा एक ओंडका सापडला तर गाडी जप्त होते आणि ग्रामसभेच्या परवान्याचा विश्वास कायमचा जातो.

पुस्तक तीन प्रतींचं छापा, अनुक्रमांकासह. मूळ प्रत गाडीसोबत, दुसरी माहितीसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाला, स्थळप्रत तुमच्याकडे. त्यावर वनहक्क प्रमाणपत्राचा क्रमांक, कक्ष क्रमांक, मालाचा प्रकार आणि नग किंवा गोण्या, गाडी क्रमांक, चालकाचं नाव, निघण्याची वेळ, पोचण्याचं ठिकाण आणि मुदत. मुदत तासांत लिहा, नाहीतर एकाच परवान्यावर दोन खेपा होतात. सह्या दोघांच्या, त्यातली एक महिला सदस्याची. सही केलेलं कोरं पान कुणालाही द्यायचं नाही. अनामत, धनादेश वगैरे सगळ्यापेक्षा हे पुस्तक मोठं आहे. ते ज्याच्या कपाटात, त्याच्या हातात सौदा. अध्यक्षाच्या घरी ठेवू नका. पुस्तक एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे.

तारीख पाळण्यात फडमोजणींनी एक गोष्ट सोडली. गोण्या पावसाच्या आधी हलाव्या लागतात हे कंत्राटदाराला माहीत असतं. तो मेअखेर "पैसे येतायत, गाडी भरू द्या" करत राहतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग दिसले की गावच घाबरून परवाना देतं. यावर औषध म्हणजे गोदाम. आश्रमशाळेची सुट्टीतली खोली, जुनं धान्य कोठार, काहीही, पण भाड्याची बोलणी मार्चमध्येच. कोरडी, उंच जमीन, खाली लाकडी ओंडके, भिंतीपासून हातभर अंतर. ३०० गोण्यांना फार मोठी जागा लागत नाही.

कराचं. करारात "भाव जीएसटी वगळून" हे शब्द हवेतच. तेंदूपानावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. जुन्या कराराची नक्कल करणारे अजूनही १८ चा आकडा दाखवून भाव पाडतात, लक्ष ठेवा. तेंदूवर टीसीएसही (विकणाऱ्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा आयकर) आहे, त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो. पॅन काढताना ग्रामसभेचा दर्जा काय लिहायचा आणि टॅन (असा कर गोळा करणाऱ्याचा क्रमांक) लागेल का, हे दोन प्रश्न घेऊन सीएकडे हंगामाआधी जा. पॅन नसताना मोठी रक्कम खात्यात आली की बँक खातं गोठवू शकते, आणि ते नेमकं मजुरी वाटायच्या दिवशी गोठतं.

बँकेत दोन खाती ठेवा. मजुरीचं एक, रॉयल्टीचं दुसरं. एकच असलं की मजुरी कमी पडली म्हणून रॉयल्टीला हात लागतो आणि ऑगस्टमध्ये हिशेब जुळत नाही. मजुरी पुड्यावर, पण रॉयल्टीचं वाटप हा ग्रामसभेचा निर्णय आहे. सगळी वाटून टाकली तर पुढच्या वर्षी खूटकटाईला पुन्हा त्या दोन लाखवाल्याकडे जावं लागेल. कोषात किती ठेवायचं ते पैसा यायच्या आधी ठरवा, पैसा दिसल्यावर ठरत नाही. असे सगळे ठराव किमान निम्म्या सदस्यांच्या हजेरीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असतील तरच. गणपूर्ती नसलेला ठराव हा कंत्राटदाराच्या वकिलाचा आवडता कागद असतो.

---

फडमोजणी

गोदामाचं बरोबर, ते राहून गेलं होतं.

शेजारच्या गावाबद्दल: रोखू नका. त्यांचाही पारंपरिक वापर असू शकतो, आणि उद्या त्यांच्या दाव्याची हद्द तुमच्या हद्दीवर चढलेली निघाली तर भांडण उपविभागीय समितीपुढे वर्षानुवर्षं चालतं. एप्रिलच्या आत दोन्ही ग्रामसभांची एकत्र बैठक घ्या आणि तीनच गोष्टी लिहून घ्या. त्यांनी तोडलेलं पान तुमच्याच फडावर येईल. त्यांना मजुरी तुमच्या लोकांच्याच दराने मिळेल. रॉयल्टीतला वाटा किती, शून्य की अर्धा, ते आकड्यात. हे तिसरं बोलायला सगळे लाजतात आणि नेमकं त्यावरूनच ऑक्टोबरात डोकी फुटतात.

त्यांचं पान त्यांच्या फडावर गेलं तर मात्र तुमची मोजणी कोलमडते, कारण तोच कंत्राटदार तिकडे कमी दराने घेऊन तुमच्या किमान उचलीच्या कलमातून सुटतो. म्हणून शक्य असेल तर त्या गावालाही याच निविदेत घ्या, दर एकच ठेवा. कुटुंबवार पुडा कार्ड दोन रंगांत छापा, एका गावाचं पिवळं, दुसऱ्याचं गुलाबी. रोजची बेरीज रंगावर वेगळी निघते.

निविदेच्या जाहिरातीचा नमुना हवा असेल तर तालुक्यातल्या ज्या ग्रामसभा आधीपासून विकतायत त्यांच्याकडे मागा. नक्कल करताना गोण्यांचा आकडा, कक्ष क्रमांक आणि जीएसटीची ओळ एवढं तरी बदलायला विसरू नका.